पोर्ट्समथच्या गोदीतील तीन कोठारे

वडोदऱ्यात ‘कोठी’ म्हटले की आपल्याला कलेक्टर कचेरी आठवते. हा शब्द मुळात साठवणीचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना पोर्ट्समथच्या ऐतिहासिक गोदीतील ११, १० आणि ९ क्रमांकांची कोठारे पाहिली आणि तो मूळ अर्थ डोळ्यांसमोर उभा राहिला.

अनुक्रमे १७६३, १७७६ आणि १७८२ मधील या विटांच्या लांबलचक इमारतींत आरमाराच्या जहाजांचे सामान ठेवले जाई. दोर, शिडे, डांबर म्हणजे आगीला आमंत्रणच. १७६० आणि १७७० मध्ये गोदीत मोठ्या आगी लागल्या होत्या; डिसेंबर १७७६ मध्ये तर एकाने दोरखंडांचा कारखाना मुद्दाम पेटवला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला गोदीच्या दाराशी साठ फूट उंच डोलकाठीवर फाशी दिले. ही हकीकत मनात ठेवून त्या भिंतींजवळ उभे राहावे.

आज येथे ब्रिटिश आरमाराचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १० क्रमांकातील, २०१४ मध्ये उघडलेल्या दालनात गेल्या शंभर वर्षांतील सामान्य खलाशांच्या कहाण्या सांगितल्या आहेत. वडोदऱ्यातील गोरव्यात अलेम्बिक या औषध कंपनीच्या जुन्या इमारतींत आता चित्रकार-शिल्पकार काम करतात आणि तो पुनर्वापर मला मनापासून आवडतो. परंतु येथे कोठाराने साठवणीचे काम सोडलेलेच नाही, केवळ साठवायची वस्तू बदलली आहे, आणि म्हणूनच मी याला अधिक गुण देईन.

मधल्या कोठारावरील घड्याळाचा मनोरा मात्र नवा आहे. १९४१ च्या बाँबहल्ल्यात मूळ मनोरा नष्ट झाला आणि १९९२ मध्ये तो पुन्हा उभारला गेला. अशी प्रतिकृती खोटी ठरते असे काही जाणकार मानतात. मला तसे वाटत नाही, कारण त्या मनोऱ्याविना तिन्ही इमारतींची ओळ डोळ्यांना अपुरी वाटली असती.

बहुतेक लोक थेट ‘व्हिक्टरी’ या नेल्सनच्या जुन्या युद्धनौकेकडे धाव घेतात, जी १९२२ पासून जवळच्याच कोरड्या गोदीत आहे. माझा आग्रह आहे की आधी कोठारे पाहावीत. जहाजावरील दोरांचे ते जंजाळ पाहिल्यावर हे सगळे उतरवून ठेवायला केवढी जागा लागत असेल, असा प्रश्न मला पडला, आणि परतताना मी मधल्या कोठाराची लांबी पावलांनी मोजत चाललो.