सेकंड हँड गाडी, फ्युएल पंपाचा रिकॉल आणि पुढचे आठ महिने

रिकॉलमध्ये, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनी गाडी परत बोलावून फुकट दुरुस्त करते त्यात, फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप) बदलून घेतला त्याला आता आठ महिने झाले. तेवढ्यात गाडी साडेनऊ हजार किलोमीटर चालली, अख्खा पावसाळा काढला, आंबा घाट सात-आठ वेळा चढली-उतरली. एकदाही बंद पडली नाही. नव्या पंपाबद्दल माझी तक्रार नाही. पण तो बदलायचा आहे हे मला ज्या रीतीने कळलं, त्याबद्दल लिहायलाच हवं.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, पुण्याहून सेकंड हँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फ्युएल पंपाचा त्रास एकाच कंपनीच्या गाड्यांना नव्हता. २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या होत्या आणि २०२१ मध्ये होंडाने ७७,९५४.

मी रत्नागिरीहून आईला घेऊन कोल्हापूरला निघाले होते. साखरपा मागे टाकून घाट चढायला लागलो आणि एका वळणावर इंजिन बंद. स्टिअरिंग एकदम जड. पहिल्यांदा ब्रेक नीट लागला, दुसऱ्यांदा पॅडल कडक व्हायला लागलं, कारण ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असेल तरच तयार होतो. मागे एसटी. हँडब्रेक ओढून धरला, तरी गाडी इंचभर मागे सरकली. एका टेम्पोवाल्या काकांनी पळत येऊन मागच्या चाकाला दगड लावला. "ताई, पहिला गिअर टाकून ठेवा, घाबरू नका." आई काही बोलली नाही, फक्त माझा दंड घट्ट धरून बसली. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू.

गावातल्या मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकीत पाणी असेल म्हणून पेट्रोल काढलं. ३,८०० रुपये गेले. पंधरा दिवसांनी हातखंब्याजवळ पुन्हा तेच. मामेभाऊ फोनवर म्हणाला, "चॅसिस नंबर टाकून बघितलास का?" आरसीवरचा तो १७ अक्षरी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला आणि लगेच उत्तर आलं: आपलं वाहन फ्युएल पंप बदलण्याच्या मोहिमेत आहे, काम बाकी आहे. मोहीम दोन वर्षांपूर्वीच जाहीर झाली होती.

आधीच्या मालकांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, "दोन मेसेज आले होते, पण तोवर गाडी विकली होती, म्हणून लक्ष दिलं नाही." त्यांचा दोष मी मानत नाही. मला राग आला तो गाडी विकणाऱ्या डीलरचा. 'सर्व्हिस रेकॉर्ड क्लीन आहे' असं छातीठोक सांगणाऱ्याला एक नंबर टाकून बघायला किती वेळ लागतो? कंपनीचा निरोप पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो आणि गाडी तिसऱ्याच गावात फिरत असते.

आता कामाबद्दल. पार्ट यायला चार दिवस लागले, तोवर गाडी दारातच ठेवली. वर्कशॉपमध्ये मला जवळ उभं राहू दिलं. मागच्या सीटची गादी उचलली, खाली गोल झाकण. आधी पंपाचा कनेक्टर काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. त्याने पाइपमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची वायर सोडली. झाकणाभोवतीची धूळ त्या मुलाने ब्रशने इतकी काळजीपूर्वक काढली की तिथेच विश्वास बसला, कारण त्यातला कण टाकीत पडला तर नवा पंपही बिघडायचा. मोठी रिंग फिरवून सगळं युनिट तिरकं करत वर काढलं, कारण त्याला पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोट असतो. आत प्लास्टिकचं नाण्याएवढं दातेरी चाक असतं, इम्पेलर. प्लास्टिकची घनता कमी पडली तर ते पेट्रोल शोषून फुगतं, आजूबाजूच्या भिंतीला घासतं आणि पंप अडतो. सव्वा तासात काम झालं, बिल शून्य.

सगळं पहिल्याच फेरीत नीट झालं असं मात्र नाही. तिसऱ्या दिवशीही गाडीत पेट्रोलचा वास येत होता. परत नेली, तर झाकणाखालचं रबरी गॅस्केट एका बाजूला नीट बसलं नव्हतं. नवं बसवलं, वास गेला. तुम्ही काम करून घेतलंत तर टाकी फुल करून एकदा वास नक्की घ्या. ३,८०० रुपये परत मिळाले नाहीत. माझ्याकडची पावती प्लग-फिल्टरची होती, पंपाची नव्हती. याचं वाईट वाटतं, कारण तो खर्च या दोषापायीच झाला.

अनेकांना वाटतं रिकॉल म्हणजे कंपनीची मेहेरबानी. तसं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. म्हणून गाडी अशी बंद पडली तर सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. मीही नोंदवली.

किनारपट्टीवर जुनी गाडी वापरणाऱ्यांनी एअरबॅगसाठीही नंबर तपासावा. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ते खराब होतं, अपघातात गरजेपेक्षा वेगाने जळतं आणि इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले, २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दमट हवा आमच्याकडे बाराही महिने असते.

आता चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक 'सूंऽ' येतं, मगच मी स्टार्टर मारते. मायलेजमध्ये फरक नाही. आई परवा घाटात झोपली होती. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, रिकॉल मोहिमेचा क्रमांक लिहून घेतलाय आणि त्याची झेरॉक्स आरसीच्या पाकिटात ठेवलीय, म्हणजे उद्या ही गाडी विकली तर घेणाऱ्याला ती गाडीबरोबरच मिळेल.