‘४×५ कव्हर करते’ एवढ्यावर लेन्स घेऊ नका

४×५ इंचांची सुटी फिल्म (शीट) वापरणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यासाठीची वापरलेली लेन्स. जाहिरात होती ‘श्नायडर सुपर-अँग्युलॉन ९० मिमी, ४×५ पूर्ण कव्हर करते, काचा स्वच्छ’. फोटो चार, सगळे वरून किंवा कडेने. नाव कोरलेली पुढची गोल पट्टी एकाही फोटोत सरळ दिसत नव्हती, एकात तर झाकणच लावलेलं. खोका उघडल्यावर पट्टीवर निघालं ‘अँग्युलॉन १:६.८/९०’. ‘सुपर’ गायब. विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर: ‘४×५ कव्हर करते म्हटलं होतं, करते की नाही?’

करते. मेख तिथेच आहे.

४×५ शीटचा होल्डरमध्ये उघडा राहणारा भाग साधारण ९५×१२० मिमी, म्हणजे कर्ण १५३ मिमी. जुन्या अँग्युलॉनचं इमेज सर्कल (लेन्स फिल्मवर पाडते त्या गोल प्रतिमेचा व्यास) एफ/२२ ला, म्हणजे छिद्र बारीक केल्यावर, जेमतेम १५४. आडव्या फ्रेममध्ये राइज (लेन्स सरळ वर उचलायची मुभा) मिळतो एक मिलिमीटरही नाही. सुपर-अँग्युलॉन एफ/८ चं सर्कल २१६, त्यात तोच राइज ४२ मिमीपर्यंत जातो. कॅमेरा न कलवता देवळाचं शिखर फ्रेममध्ये घ्यायचं असेल, तर पैसे मोजायचे ते या ४२ मिलिमीटरचे. अँग्युलॉन वाईट लेन्स नव्हे. चिमुकली आहे, हलकी आहे, डोंगर चढताना हिच्यासारखी सोबत नाही. पण ती अँग्युलॉनच्या भावात घ्यावी.

कडेने काढलेल्या फोटोवरूनही दोघी ओळखता येतात. सुपर-अँग्युलॉन एफ/८ चा फिल्टर ६७ मिमीचा, त्यामुळे पुढची कड शटरच्या अंगापेक्षा रुंद दिसते. अँग्युलॉनचा ४०.५ मिमीचा, म्हणजे शटरपेक्षा अरुंद. शटरच्या मागेही फुगीर मोठी काच हवी. तिथे सपाट, लहान भाग दिसला तर सौदा थांबवा. पट्टीचा समोरून फोटो मागितला आणि ‘उद्या पाठवतो’ आलं, तरी थांबवा.

दुसरा प्रकार जास्त चलाख. काचा खऱ्या, शटर मात्र दुसऱ्याच लेन्सचं. ‘शून्य नंबर’ या ठरावीक मापाच्या शटरमध्ये त्या आट्यांच्या कुठल्याही काचा बसतात, पण अ‍ॅपर्चरची (छिद्राच्या आकड्यांची) पट्टी शटरच्या मूळ लेन्सचीच राहते. लेन्स एफ/८ ची आणि पट्टी ५.६ पासून सुरू होत असेल, तर शटर बदललेलं आहे. मग तुम्ही २२ लावाल, पण छिद्र २२ चं नसेल, आणि शीटमागून शीट वाया जाईल. अशा अदलाबदलीत काचा आणि शटर यांच्यामधली पातळ चकतीही हरवू शकते. अंतर बदलतं आणि कडांची तीक्ष्णता जाते. विक्रेत्याकडून अ‍ॅपर्चरच्या पट्टीचा फोटो आणि एक सेकंदाचा शटर चालतानाचा आवाजासह व्हिडिओ मागा. वाइड लेन्स बहुतेकदा एफ/२२ लाच वापरली जाते, त्यामुळे मंद वेग अडकत असतील तर १/५०० कितीही झकास चालला तरी उपयोग नाही.

‘सेंटर फिल्टरसह’ (वाइड लेन्सच्या कडांचा अंधार भरून काढणारा फिल्टर) म्हणून साधा राखाडी एनडी, म्हणजे सगळा प्रकाश सारखाच कमी करणारा, फिल्टर खपवल्याचीही उदाहरणं आहेत. पांढऱ्या कागदावर ठेवा: मध्ये गडद आणि कडेला स्वच्छ दिसला तरच तो सेंटर फिल्टर. सगळीकडे सारखाच करडा असेल, तर नुसता एनडी.

आतल्या काळ्या रंगाचे पांढरे ठिपके श्नायडरच्या जुन्या लेन्समध्ये सर्रास असतात, फोटोत ते उमटत नाहीत. त्यावरून भाव पाडून घ्या, पण घाबरू नका. काचेच्या कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला, तर मात्र चिकटवलेल्या काचा सुटत आहेत.

लेन्स हाती येताच ती बोर्डावर चढवून अनंतावर फोकस करा, अ‍ॅपर्चर २२ वर ठेवा आणि कॅमेऱ्याचा पुढचा भाग ३० मिमी वर उचला. ग्राउंड ग्लासच्या (फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेच्या) कापलेल्या खालच्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघा. अ‍ॅपर्चरचं छिद्र पूर्ण दिसलं तर सर्कल पुरतं. मांजराच्या डोळ्यासारखं चिरलेलं दिसलं किंवा दिसलंच नाही, तर पुरत नाही. ही तपासणी परतीची मुदत संपायच्या आत करा. परदेशातून मागवली असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ आणि कस्टमची पावती दोन्ही जपा. परत पाठवताना पहिली मागणी त्यांचीच होते.