स्कूबाचं सामान: बावीस डाइव्ह आणि एका पावसाळ्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात तारकर्लीला स्कूबाचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स केला आणि अंगात आलं. कोर्स पास झाल्याचं कार्ड हातात पडायच्या आधीच निम्मं सामान ऑनलाइन मागवून मोकळा झालो.

मास्कने पहिल्याच दिवशी दगा दिला. रेटिंग उत्तम, पण पाण्यात गेलो की वरच्या ओठाशी पाझरायचा. पट्टा आवळला तर जास्तच. बोटीवरचा तांडेल हसला, "पट्टो कित्या आवळतंस? मिशी काढ आधी." काढली. पाझर निम्मा झाला, उरलेला माझ्या अरुंद चेहऱ्यामुळे. दुसरा मास्क दुकानात जाऊनच घेतला. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. पडला नाही तर तो आपला. नव्या काचेला आतून एक थर असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने तीनदा घासला तेव्हा कुठे धुकं धरायचं कमी झालं. आता दरवेळी उतरण्याआधी थुंकी. हो, थुंकीच.

बंद टाचेचे फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) स्वस्त म्हणून घेतले, ते आता भावाकडे स्विमिंगला. आपल्याकडे खडकांवर कालवं असतात, पाय कापला की आठवडा गेला. उघड्या टाचेचे फिन्स आणि जाड तळाचे बूट, हीच जोडी घ्या.

डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटी यंत्रावर, सगळ्यात जास्त पैसे गेले. मालवणात माझे बहुतेक डाइव्ह आठ-दहा मीटरचे, त्यामुळे अजून वर्षभर भाड्याचा चालला असता. फायदा एकच: वर येताना तो सारखा बोंबलायचा. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही हे कोर्समध्ये पाठ केलं होतं, मी येत होतो दुप्पट वेगाने.

आता वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा रबरी सूट. 3 मिलिमीटर जाडीचा, इथल्या कोमट पाण्याला पुरेसा, जेलीफिशपासूनही वाचवतो. मे अखेरीस सीझन संपला, मी सूट गोड्या पाण्याने धुतला, वाळला असं समजून बॅगेत भरला. जुलैत चेन उघडली तर आत काळी बुरशी आणि सुक्या मासळीच्या बाजारासारखा वास. मास्कच्या पारदर्शक सिलिकॉनवरही ठिपके, ते निघालेच नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात 'वाळलं' हा शब्दच खोटा. आता सूट जाड हँगरवर, सावलीत, पंख्याखाली असतो. आईच्या मते घरात एक पाहुणा कायमचा टांगलाय.

रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा) आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) घेतले नाहीत, याचा आनंद आहे. रेग्युलेटरला वर्षाकाठी सर्व्हिसिंग लागतं, आणि कुडाळच्या आसपास ते करणारा मला तरी मिळाला नाही. डाइव्ह सेंटरचंच वापरतो, फक्त माउथपीस, म्हणजे दातात धरायचा तुकडा, स्वतःचा बसवून घेतो. दुसऱ्याच्या दातांचे ठसे चावत खाली जायला मला नाही जमत.