केंद्रकावरचा दाब दाखवणारा सूक्ष्मदर्शक: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीमुळे पेशीचे केंद्रक म्हणजे पेशीद्रव्यात तरंगणारी एक स्वस्थ गोळी, अशी समजूत मुलांच्या मनात पक्की बसते. ती मोडावी म्हणून गेल्या वर्षी नाशिकमधल्याच एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून मी हा सूक्ष्मदर्शक घेतला. एक नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, खालून एलईडीचा प्रकाश, 4, 10, 40 आणि 100 पटींची चार वस्तुभिंगे आणि सोबत तयार काचपट्ट्यांची पेटी, असे सगळे मिळून साडेआठ हजार रुपये पडले.

पेशी ताणली किंवा दाबली गेली, की ते बल पेशीकंकालाच्या, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या आतल्या सांगाड्याच्या, तंतूंमधून थेट केंद्रकापर्यंत पोचते. केंद्रकावरणाच्या दोन्ही पटलांना जोडणारी नेस्प्रिन आणि सन ही प्रथिने ते आत नेतात आणि आवरणाला आतून अस्तरासारखी लागलेली लॅमिन प्रथिनांची जाळी ते पेलते. म्हणूनच हाडासारख्या ताठ ऊतींमध्ये लॅमिन-ए भरपूर असते, तर मेंदूसारख्या मऊ ऊतींमध्ये कमी. हे सारे फळ्यावर सांगता येते. पण मुलांना त्याची खूण डोळ्यांनी दिसावी, ही माझी अपेक्षा होती.

कांद्याने ती बऱ्याच अंशी पूर्ण केली. आपल्याकडच्या लाल कांद्याचा बाहेरचा गुलाबी पापुद्रा आयोडीन न घालता पाण्यात ठेवायचा, कारण आयोडीनने पेशी मरते आणि पुढचा प्रयोग फसतो. 40 पटींच्या भिंगाखाली डायफ्रॅम, म्हणजे खालून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, थोडा मिटला, की रंग न देताही केंद्रक फिकट दिसू लागते. मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीने, त्याला भिंतीशी इतके रेटलेले असते, की समोरून गोल वाटणारे केंद्रक दुसऱ्या पेशीत कडेने पाहिले तर मसुराच्या डाळीसारखे चपटे दिसते. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यायचे. काही मिनिटांत गुलाबी रंग भिंत सोडून आकसू लागतो आणि केंद्रकही त्याच्याबरोबर ओढले जाते. हे पाहताना वर्गात पसरणारी शांतता मला फार मोलाची वाटते. वनस्पतिपेशींत लॅमिन नसते, तेच काम करणारी वेगळी प्रथिने असतात, हे मात्र मुलांना तेव्हाच सांगायला हवे.

पेटीतल्या काचपट्ट्यांपैकी बहुतेक सामान्य आहेत, पण मानवी रक्ताची पट्टी उत्तम आहे. 100 पटींच्या भिंगाखाली, तेलाचा थेंब देऊन, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीचे केंद्रक पाहावे: बारीक धाग्यांनी जोडलेले तीन-चार खंड. या पेशीत लॅमिन-ए फारच थोडे असते, त्यामुळे केंद्रक लवचीक राहते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या अरुंद फटीतून पेशी सहज पार होते. ज्यांचे केंद्रक ताठ असते, त्या पेशींना अशा फटीतून जाताना मोठी किंमत मोजावी लागते. 2016 मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले, की अरुंद जागेतून सरकताना केंद्रकाचे आवरण फाटते, डीएनएला इजा होते आणि पेशी ते आवरण पुन्हा सांधते. कर्करोगाच्या पेशी शरीरात पसरताना त्यांचेही असेच होते, हे कळले की मुलांचे प्रश्न थांबत नाहीत.

आता तक्रारीकडे वळते. खोक्यावर ‘2000 पट’ असे ठळक छापलेले आहे. 20 पटींची जादा नेत्रिका लावून ही संख्या गाठली जाते. ती न घेतलेलीच बरी. 100 पटींच्या भिंगावर 1.25 हा आकडा कोरलेला आहे; भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते, याचे ते माप. त्यावरून हिशेब केला, तर सुमारे 0.2 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन बिंदू या यंत्रातून वेगळे दिसणे शक्य नाही. केंद्रकावरणाची दोन्ही पटले मिळून जाडी जेमतेम 0.04 मायक्रॉन भरते. प्रतिमा कितीही मोठी केली, तरी ती फक्त अधिक पुसट होते. लॅमिनची जाळी या यंत्रात दिसेल, अशी आशा कोणी धरू नये.

दुसरा दोष अधिक त्रासदायक ठरला. दोनच महिन्यांत काचपट्टी सरकवणारा मंचावरचा स्क्रू सैल झाला आणि तेलाच्या भिंगाखाली शोधून ठेवलेली पेशी पुढच्या विद्यार्थ्याची पाळी येईपर्यंत नजरेआड होऊ लागली. दुकानाने तो भाग विनामूल्य बदलून दिला, तेव्हापासून तक्रार नाही. भिंगांची स्पष्टता आणि किंमत पाहता कनिष्ठ महाविद्यालयासाठी मी हाच सूक्ष्मदर्शक पुन्हा घेईन. मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानातच रक्ताची पट्टी लावावी, 100 पटींवर एक न्यूट्रोफिल मधोमध आणावा आणि पाच मिनिटांनी तो जागेवर आहे ना, ते पाहावे.