आधी कोणता पाहावा: ‘बॉटल रॉकेट’ की ‘फार्गो’?

दोन्ही चित्रपट १९९६चे, अमेरिकन, आणि दोन्हींत गुन्हा करणाऱ्यांना गुन्हा जमत नाही. तरी मी आधी ‘बॉटल रॉकेट’च सुचवेन.

दिग्दर्शक वेस अँडरसनचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ओवेन विल्सनने साकारलेल्या डिग्ननकडे वहीत लिहिलेली पंचाहत्तर वर्षांची योजना आहे. सरावाची घरफोडी होते ती मित्राच्याच घरी! पुढे डिग्नन आणि त्याचे मित्र पुस्तकांचं दुकान लुटतात आणि त्यातही या मुलांना पैशापेक्षा एकत्र काहीतरी करण्याची ओढ जास्त आहे, हे दिसत राहतं. शेवटी शीतगृहावरचा दरोडा पार फसतो, पण अडकलेल्या साथीदारासाठी डिग्नन परत आत जातो. तिथे हसता हसता माझा गळा दाटून येतो. इतका निरागस चोर पडद्यावर क्वचितच भेटतो.

कोएन बंधूंचा ‘फार्गो’ बांधणीत जास्त पक्का आहे, यात वाद नाही. कर्जात बुडालेला गाड्यांचा विक्रेता स्वतःच्याच बायकोचं अपहरण घडवून आणतो, आणि भाडोत्री गुंडांच्या एकेका घोडचुकीमागे प्रेतं पडत जातात. इथलं हसू अंगावर काटा आणतं. गरोदर पोलीसप्रमुख मार्जच्या भूमिकेसाठी फ्रान्सेस मॅकडॉर्मंडला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य. सुरुवातीच्या ‘सत्यकथा’ या पाटीवर मात्र विश्वास ठेवू नका. कथा काल्पनिक आहे.

रक्तपात सोसत नसेल, तर ‘फार्गो’ राहू द्या.