पडद्याच्या कार्डावर गिगाबिट इथरनेट: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या नवरात्रानंतर गरब्याच्या मैदानांवरचे एलईडी पडदे उतरले आणि माझ्या मामेभावाकडे एक रिसीव्हर कार्ड (केबलने आलेलं चित्र पडद्याला वाटून देणारं) शिल्लक राहिलं. तो इथे बडोद्यात, मकरपुऱ्याला, पडदे जोडून द्यायचं काम करतो. कलरलाइट कंपनीचं ५ए-७५बी. मी ते मागून घेतलं. पडदा लावायला नव्हे. या कार्डावर लॅटिसची ईसीपी५ ही एफपीजीए चिप आहे, म्हणजे आतलं सर्किट आपणच लिहून भरायची चिप, सुमारे २४ हजार लुटची (लुट म्हणजे तर्काचा एक छोटा कप्पा), आणि तिच्या शेजारी गिगाबिट इथरनेटचे चक्क दोन पोर्ट, फाय चिपांसकट (तारेवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या). शिकाऊ बोर्डांवर इथरनेट असलं तरी ते बहुधा १०० मेगाबिटचंच असतं, आणि बोर्ड महाग असतो तो वेगळाच.

मी पंधरा वर्षं कारखान्यांच्या ऑफिसांत स्विच बसवतोय, केबल ओढतोय. पण तारेतून जाणारी फ्रेम, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, एकेका बिटापर्यंत स्वतः उभी करावी, असं फार दिवस मनात होतं.

सुरुवात सोपी गेली. जेटॅगच्या (चिपमध्ये रचना भरायच्या जोडणीच्या) मोकळ्या जागांवर चार तारा डाखल्या, ५ व्होल्ट दिले. लिहिलेल्या सर्किटची चिपसाठी रचना बनवणारी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही फुकट, खुली साधनं माझ्या जुन्या लॅपटॉपवर मुकाट चालतात. जेटॅगने भरलेली रचना वीज घालवली की पुसली जाते आणि कार्ड मूळ पदावर येतं, म्हणून मूळ रचना साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीला हात न लावता निर्धास्तपणे चुका करता येतात. ही सोय मला फार आवडली.

खरी परीक्षा आरजीएमआयआयची, म्हणजे फाय आणि एफपीजीए यांना जोडणाऱ्या तारांची. त्यांच्यात जाताना चार, येताना चार डेटा तारा. घड्याळ, म्हणजे ठेका धरणारा सिग्नल, १२५ मेगाहर्ट्झचं. तो वर चढताना, म्हणजे चढत्या काठावर, बाइटचे खालचे चार बिट, उतरत्या काठावर वरचे चार. म्हणजे एक निबल (चार बिटांचा अर्धा बाइट) तारेवर फक्त ४ नॅनोसेकंद टिकतो. घड्याळाचा काठ त्याच्या बरोबर मध्यावर पडावा म्हणून घड्याळ डेटापेक्षा साधारण २ नॅनोसेकंद मागे ठेवावं लागतं. हा उशीर फाय देऊ शकते, एफपीजीएही देऊ शकते. कोणी द्यायचा हे ठरवायला मला पुरा डिसेंबर लागला.

मी पाठवायच्या बाजूला स्वतः २ नॅनोसेकंद घातले. पोर्टचा दिवा लागला, लिंक गिगाबिटवर आली, पण वायरशार्कमध्ये (आलेल्या फ्रेम दाखवणारा प्रोग्राम) एक फ्रेम दिसेना. सीआरसी (फ्रेमच्या शेवटी येणारा पडताळणीचा आकडा) चुकलेली फ्रेम लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड वर न कळवताच टाकून देतं, हे कामावर मला कधी बघायची वेळच आली नव्हती. इथटूल या प्रोग्रामने लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचे आकडे काढले तेव्हा सीआरसी चुकांचा आकडा भराभर चढताना दिसला. मग आठवडाभर सीआरसीलाच धारेवर धरलं: बिटांचा क्रम उलटा केला, शेवटी पूरक घेतलं, कागदावर हाताने ताळा केला. ते सगळं बरोबर होतं. फाय आधीच २ नॅनोसेकंद देत होती, माझे २ मिळून ४ झाले, आणि काठ पुढच्या निबलच्या उंबरठ्यावर जाऊन पडत होता. माझा उशीर काढला आणि पहिली फ्रेम आली. मी लिहिलेले बाइट, जसेच्या तसे. रात्रीचे दोन वाजले होते. मी आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, “अरे, पोचलं ना तुझं? मग आता झोप.”

येणाऱ्या बाजूला मात्र उशीर मलाच द्यावा लागला. ईसीपी५मधली उशीर देणारी पट्टी एका पायरीला सुमारे २५ पिकोसेकंद देते, त्यामुळे ८० पायऱ्या ठेवल्या. दोन्हीकडे थोडं सरकवून पाहिलं; ८० ला भरपूर वाव आहे.

दोन घड्याळांची गाठ घालणं वाटलं होतं तेवढं कठीण नाही. आलेला डेटा फायच्या घड्याळावर चालतो, माझा सर्किट माझ्या घड्याळावर. दोन्हींना १०० पीपीएमची (दशलक्षात १०० भागांची) सूट, म्हणजे जास्तीत जास्त २०० पीपीएमचा फरक; १५१८ बाइटच्या फ्रेममध्ये तो अडीच बिटही होत नाही. छोटा फिफो (आधी आलेलं आधी सोडणारी रांग) पुरतो, फक्त त्याचे पत्ते ग्रे कोडमध्येच (एका वेळी एकच बिट बदलणारी मोजणी) पलीकडे न्यायचे.

मार्चमध्ये एकाच केबलने दोन्ही पोर्ट जोडून ६४ बाइटच्या फ्रेम पूर्ण वेगाने सोडल्या, सेकंदाला १४,८८,०९५. सकाळी उठून पाहतो तर आठ तासांच्या हिशोबापेक्षा आकडा फारच कमी. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, ३२ बिटांचा मोजक या वेगाने ४८ मिनिटांत भरून पुन्हा शून्यावर येतो. ६४ बिटांचा केला, पुन्हा रात्रभर चालवलं: सुमारे ४,२८६ कोटी फ्रेम, चूक एकही नाही. मेच्या उकाड्यात गच्चीखालच्या खोलीत तीच चाचणी केली, तेव्हाही शून्य.

आता उणिवा. पडद्याकडे जाणाऱ्या पिनांवर ७४एचसी२४५ बफर (सिग्नल पुढे ढकलणाऱ्या चिपा) आहेत आणि ते बाहेरच्या दिशेनेच चालतात. बाहेरून सिग्नल आत घ्यायचा असेल तर ते उपटून दुसरे बसवावे लागतात. बारीक डाखकामाचा हात नसेल तर या कार्डाच्या वाटेला जाऊ नका. आणि आवृत्त्या. जानेवारीत मी एका विक्रेत्याकडून दुसरं कार्ड मागवलं. फोटो एका आवृत्तीचा, पाकिटात निघाली दुसरी, पिनांची मांडणी वेगळी. तक्रारीला उत्तर आलं नाही, आणि माझे दोन रविवार पिना शोधण्यात गेले. पैसे देण्याआधी कार्डावर छापलेल्या आवृत्तीचा जवळून काढलेला फोटो मागाच.

ज्याला नुसतं नेटवर्कवर काहीतरी पाठवायचं आहे, त्याने लाइटइथ ही तयार रचना वापरावी, एका दिवसात पिंग चालेल. मी ती उघडून वाचली ती माझी रचना चालू झाल्यावर, आणि तिच्यातही या कार्डाच्या पाठवायच्या बाजूचा उशीर शून्यच ठेवलेला पाहून मला फार समाधान वाटलं.

सध्या ते कार्ड घरच्या राउटर आणि लॅपटॉपच्या मधे बसलंय. एका पोर्टातून आलेली फ्रेम दुसऱ्यातून सोडतं आणि जाता जाता मोजतं. मामेभावाने परवा विचारलं, “दादा, नवरात्र जवळ आलं, कार्ड परत देतोस का?” मी त्याला दुसरं दिलं.