जोडप्याची मुलाखत दोघांना एकत्र बसवून घ्यावी की एकेकट्याची?

निरोगी नात्यांवर गुणात्मक (म्हणजे आकड्यांपेक्षा लोकांच्या बोलण्यावर, अनुभवांवर आधारलेलं) संशोधन करू पाहणारी एक विद्यार्थिनी इथेच अडली आहे.

हाती काय लागतं ते आधी बघू. दोघं समोर बसली की नातं डोळ्यांदेखत घडत असतं. "भांडण आधी कोण मिटवतं?" विचारलं की तो सांगू लागतो, ती मध्येच "छे, तसं नव्हतं" म्हणते, दोघं हसतात. ते टोकणं, ते हसणं हीच तर सामग्री! पण कुरबुरी झाकल्या जातात, आणि बोलक्याचंच म्हणणं नोंदलं जातं. धाकदपटशाची शंका आली तर एकत्र बसवूच नये.

एकेकटं माणूस मोकळं बोलतं. मेहनत मात्र दुप्पट. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायलाच सहज 4-5 तास जातात. खरी गोम गोपनीयतेची: नावं बदलली तरी अहवालातलं वाक्य जोडीदार ओळखू शकतो. संमतिपत्रात हे आधीच सांगावं. हकिकती जुळल्या नाहीत तर खरं कोण हे शोधत बसू नये, ती तफावतही माहितीच.

निर्णय कसे होतात, एकमेकांना कसं सांभाळतात हे बघायचं तर एकत्र. पैसा, शरीरसंबंध, दाबलेली नाराजी हे विषय असतील तर वेगवेगळी. वेळ असेल तर दोन्ही करा, फक्त एकट्यात ऐकलेलं दोघांसमोर काढायचं नाही.